हॉल्डेन यांची पाठ आणि पाणबुड्यांचे तक्ते

१ जून १९३९ रोजी ब्रिटिश नौदलाची ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात चाचणीच्या वेळीच बुडाली. आतल्या १०३ जणांपैकी फक्त चौघे जिवंत बाहेर आले. मृतांमध्ये गोदीतले कामगारही होते. त्यामुळे कामगार संघटनांनी स्वतंत्र शास्त्रीय तपासासाठी लंडनमधल्या एका प्राध्यापकांना गाठले. त्यांचे नाव जे. बी. एस. हॉल्डेन. जनुकशास्त्रात त्यांचा दबदबा होता. वय ४६, अंगाने आडदांड, तोंडात कायम पाइप आणि शरीरावर पहिल्या महायुद्धातल्या जखमांच्या खुणा. दाबाखालच्या प्रयोगांसाठी दुसऱ्या कुणी वीस-बावीस वर्षांचा धडधाकट नौसैनिक निवडला असता. हॉल्डेन यांनी स्वतःलाच निवडले.

ही सवय घरातली होती. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे अभ्यासक. खाणीत ते मुलाला घेऊन जात आणि कोंदलेल्या वायूत उभे राहून त्याला शेक्सपिअर म्हणायला लावत. पोरगा धडपडून खाली बसला की जमिनीलगतची हवा बरी असते आणि मिथेन वर साठतो, हा धडा त्याला आयुष्यभरासाठी मिळे. १९०६ साली वडील ब्रिटिश नौदलासाठी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांवर प्रयोग करत होते. तिथे तेरा वर्षांच्या जॅकलाही त्यांनी पोशाख चढवून पाण्यात सोडले. पोशाख मोठ्या माणसाचा, मुलाला सैल, त्यामुळे आत पाणी शिरत राहिले. आजच्या कुठल्याही पालकाच्या अंगावर काटा यावा असाच हा प्रकार.

त्या प्रयोगांतून १९०८ साली जगातले पहिले शास्त्रशुद्ध तक्ते तयार झाले. किती खोल, किती वेळ राहिल्यावर वर येताना कुठे आणि किती थांबायचे, हे त्यात दिले होते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, पेशींत विरघळत जातो. माणूस झपाट्याने वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे सुटतात. सांधे ठणकतात, आणि बुडबुडा मज्जारज्जूत सापडला तर पाय लुळे पडू शकतात. थोरल्या हॉल्डेन यांनी हे शेळ्यांवर तपासले. लठ्ठ जनावरांना त्रास जास्त होतो, हेही त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले. कारण चरबीत नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो आणि तिथला रक्तपुरवठा कमी असल्याने सावकाश बाहेर पडतो. तक्ते मात्र नौदलाच्या पाणबुड्यांसाठी होते, म्हणजे तरुण, काटक माणसांसाठी.

मुलगा पोलादी टाकीत शिरला तो या तरुणांपेक्षा फार वेगळे शरीर घेऊन. थेटिसच्या तपासासाठी स्पेनच्या यादवी युद्धात लढलेले काही साथीदार त्यांनी बरोबर घेतले, टाकी बंद करून आतली हवा कोंदू दिली आणि कार्बन डायऑक्साइड वाढत गेल्यावर माणसाचे काय होते ते टिपून ठेवले. धाप, भयंकर डोकेदुखी, ओकाऱ्या. पाणबुडीत नेहमीच्या जवळजवळ दुप्पट माणसे होती. सुटकेची साधने हाताशी असूनही त्यांना ती नीट का वापरता आली नसावीत, याचे उत्तर या प्रयोगातून मिळत होते.

मग नौदलानेच त्यांना कामाला लावले. दहा वातावरणांच्या दाबाखाली साधी हवा श्वासात घेतली की नायट्रोजनची दारूसारखी नशा चढते. त्या अवस्थेत ते आणि सहकारी गुणाकार करत, चिमट्याने छर्रे उचलत आणि आपण किती चुकतो ते मोजत. बर्फाच्या पाण्यात बसून त्यांनी हेच पुन्हा केले. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतल्यावर त्याला चव लागते, ही गंमत त्यांनी नोंदवली, आणि त्याच ऑक्सिजनने काही मिनिटांत आकडी येते, हेही. अशाच एका झटक्यात त्यांच्या मणक्याला इजा झाली. दुसऱ्या एका प्रयोगात वायूचा बुडबुडा मज्जारज्जूत अडकला आणि बसण्याच्या जागी कायमची बधिरता व ठणका मागे राहिला. कानाचे पडदे फाटले, त्यावर मात्र ते कानातून तंबाखूचा धूर काढता येतो म्हणून फुशारकी मारत. सहकारी, आणि पुढे पत्नी झालेल्या, हेलन स्पर्वे यांनीही हे सारे सोसले.

एकाला जे पाच मिनिटांत भोवते ते दुसऱ्याला बराच वेळ सोसते, हे टाकीत वारंवार दिसत होते. नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी युद्धकाळात शेकडो चाचण्या घेऊन दाखवले की तोच माणूस ऑक्सिजनला आज एक प्रतिसाद देतो, उद्या दुसरा. तक्त्यातला आकडा सरासरी शरीराचा असतो, पाण्यात उतरणारे शरीर त्या दिवशीचे.

आज तारकर्लीला किंवा अंदमानला पन्नाशीतली माणसे हौसेने स्कूबा करतात, तेव्हा हाच फरक कळीचा ठरतो. डायव्हिंगच्या प्रचलित आरोग्य प्रश्नावलीत ४५ वर्षांवरील व्यक्तीला जास्तीचे प्रश्न असतात ते उगाच नव्हे. पाण्यात शिरताच पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदयावरचा भार वाढतो. रक्तदाब असेल, पाणी गार असेल तर फुप्फुसांत पाणी साठण्यापर्यंत मजल जाऊ शकते. व्यायामाची सवय सुटलेला माणूस प्रवाहाशी झगडताना लवकर धापा टाकतो, आणि खोलवर दाट झालेली हवा ओढताना कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर जात नाही. मध्यमवयीन पाणबुड्यांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक मोठे कारण आहे. उतरण्याआधी हृदयाची तपासणी, तीही चालवून-पळवून केलेली, म्हणूनच महत्त्वाची.

जुन्या दुखापतीचे तर हॉल्डेन हेच उदाहरण. पाठीत आधीच बधिरता किंवा गुडघ्यात ठणका असेल तर वर आल्यावर तो जुना की बुडबुड्याचा, हे ठरवणे कठीण जाते. कुठे मुंग्या येतात, कुठे दुखते, हे आधीच डॉक्टरांकडे लिहून ठेवावे. तक्त्यातल्या कमाल वेळेपेक्षा कमी राहावे, सावकाश वर यावे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, आणि एकाच डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्या असतील तर १८ तास विमानात बसू नये. वर आल्यावर नवी बधिरता जाणवली तर थकवा म्हणून झोपून जाणे सर्वांत घातक. लगेच ऑक्सिजन आणि दाबकक्ष असलेले रुग्णालय गाठावे. कान फाटलेला असेल तर बरा होईपर्यंत पाण्यापासून दूर राहावे, हॉल्डेन यांनी काहीही केले असले तरी.

पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यावर हॉल्डेन उपचारांसाठी भारतात आले होते. १९५७ साली ते कायमचे आले, आधी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, मग भुवनेश्वरला. धोतर-कुर्ता घालू लागले, मांसाहार सोडला, भारताचे नागरिकत्व घेतले. पाठीने शेवटपर्यंत साथ दिली नाही. आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग निघाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या दुखण्यावरच एक विनोदी कविता लिहून लोकांना लक्षणे दिसताच डॉक्टरकडे जायला सांगितले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.