असत्यशोधक यंत्राचा साशंक जनक

गुन्हेगाराकडून कबुली मिळवण्याचा पोलिसी मार्ग लाठीतून जातो, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील पोलीस ठाण्यांतही रबरी नळ्यांचा मार आणि रात्रभराचे जागरण हीच चौकशीची सर्वमान्य साधने होती. कॅलिफोर्नियातील बर्कले शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांना या रानटीपणाचा तिटकारा होता. त्यांच्या दलात जॉन लार्सन नावाचा एक विलक्षण शिपाई होता. १८९२ साली कॅनडात जन्मलेल्या या तरुणाने १९२० साली शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती.

विल्यम मार्स्टन यांनी रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचे प्रयोग आधीच केले होते. परंतु त्यांत रक्तदाब मधून मधून मोजला जाई. लार्सनने १९२१ साली दंडावरील पट्टा आणि छातीभोवतीची नळी यांच्या साहाय्याने रक्तदाब व श्वसन यांची अखंड रेषा काजळी धरलेल्या कागदावर उमटवली. पहिली मोठी कसोटी विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहातील चोरीची. सर्व मुलींना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, उत्तर फक्त होय किंवा नाही. एका मुलीची रेषा उसळली, ती संतापून उठून गेली आणि काही दिवसांनी तिने कबुली दिली. वृत्तपत्रांना चमत्कार सापडला. (ज्यांची चोरी झाली त्यांपैकी एका मुलीशी लार्सनने पुढच्याच वर्षी विवाह केला!)

लार्सनचे मोठेपण मात्र यानंतर दिसते. यंत्र मोजते ते भय, संताप, लज्जा. असत्य नव्हे, ही गोष्ट त्याने स्वतःपासून लपवली नाही. निरपराध माणूसही भितो. किंबहुना, कबुली यंत्राने मिळते की यंत्राच्या धाकाने, हा प्रश्न उरतोच. आणि धाकच असेल तर लाठीचे नुसते रूप बदलले, असे म्हणावे लागेल. तो शिकागोला गेला, वैद्यक शिकला, मनोविकारतज्ज्ञ झाला आणि १९३२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला.

त्याचा शिष्य लिओनार्ड कीलर याला असल्या शंका शिवल्या नाहीत. त्याने यंत्र सुटसुटीत केले, १९३१ साली त्याचे पेटंट मिळवले आणि बँकांतील कारकुनांच्या प्रामाणिकपणाची तपासणी हा धंदा उभारला. बाजारात शंकेला गिऱ्हाईक नसते, खात्रीला असते. १९४६ साली ओक रिज येथील अणुप्रकल्पाचे कर्मचारी या यंत्रापुढे बसले; १९५१ साली अमेरिकी सैन्याने परीक्षकांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. शंकेखोर शास्त्रज्ञाच्या जागी पगारी सरकारी परीक्षक आला, आणि समोर संशयिताऐवजी नोकरी टिकवू पाहणारा सामान्य माणूस.

आपण भस्मासुर निर्माण केला, अशीच लार्सनची अखेरची भावना होती. १९६५ साली तो वारला. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेतील बहुतेक खाजगी मालकांना ही तपासणी मना झाली. सरकारने मात्र स्वतःला त्यातून वगळून घेतले. त्याच सरकारच्या गुप्तहेर खात्यातील आल्ड्रिच एम्स हा अधिकारी सोव्हिएत रशियाला गुपिते विकत असताना १९८६ व १९९१ साली अशा दोन्ही तपासण्यांतून सुखरूप बाहेर पडला. भारतात, ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला: संमतीवाचून कोणालाही या यंत्रापुढे बसवता येणार नाही.