विश्लेषण : दिवाळखोर रेम्ब्राँच्या बोरूतून काय उतरले?

पॅरिसच्या फाउंडेशन कुस्टोडिया या संस्थेच्या संग्रहात तपकिरी शाईचे एक चित्र आहे. तापाने अंथरुणाला खिळलेल्या बाईचे दोन्ही हात धरून येशू तिला उठवतो आहे. बायबलमधील पेत्राच्या सासूचा हा प्रसंग. रेम्ब्राँने तो उतारवयात रेखाटला. चमत्काराचा थाट त्यात कुठेच नाही. दिसते ती वाकलेली पाठ आणि ओझे उचलणारे हात. आजारी माणसाला उठवून बसवलेल्या कुणालाही ती ओढ ओळखू येईल.

आजारपण घरातलेच

१६०६ मध्ये लायडनला गिरणीवाल्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा तिशीच्या आतच ॲम्स्टरडॅमचा नामांकित चित्रकार झाला. १६३४ मध्ये सास्कियाशी लग्न झाले. पहिली तीन मुले तान्हेपणीच गेली. चौथा टायटस तेवढा जगला आणि वर्षभरात, १६४२ मध्ये, सास्कियाही गेली; वय अवघे २९. अंथरुणात पडलेल्या सास्कियाची त्याने अनेक रेखाटने केली होती.

मग तो बुडाला कशाने?

त्याच वर्षीचे ‘नाइट वॉच’ लोकांना आवडले नाही आणि तिथून घसरण सुरू झाली, अशी कथा सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. खरे कारण रुक्ष आहे. १६३९ मध्ये १३ हजार गिल्डरला घेतलेल्या घराचे पैसे फिटलेच नाहीत आणि लिलावात चित्रे, शिल्पे, चिजा विकत घेण्याचा नाद सुटला नाही. १६५६ मध्ये दिवाळे निघाले. घरातल्या सामानाची ३६३ नोंदींची यादी झाली. घर गेले, संग्रह गेला, स्वतःच्या रेखाटनांच्या वह्याही विकल्या गेल्या. पुढे टायटस आणि रेम्ब्राँची जोडीदार हेंड्रिक्ये यांनी व्यवसाय आपल्या नावावर घेऊन त्याला नोकर दाखवले, म्हणजे कमाईवर सावकारांचा हात पडू नये.

हिंदुस्थानचा धागा

याच सुमारास तो मुघल लघुचित्रांच्या नकला करत होता, त्याही महागड्या जपानी कागदावर! झाडाखाली बसलेल्या चौघांच्या अशाच एका चित्राची बैठक त्याने १६५६ च्या ‘अब्राहाम आणि देवदूत’ या छापचित्रात वापरली.

बोरूची जाड, कोरडी रेघ या काळातल्या रेखाटनांत वारंवार दिसते. बहुतेकांवर सही नाही, त्यामुळे गुरूचे कोणते आणि शिष्याचे कोणते, हा वाद अभ्यासकांत अजून चालतो.

हेंड्रिक्ये १६६३ मध्ये, टायटस १६६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी ४ ऑक्टोबरला रेम्ब्राँ गेला. वेस्टरकेर्क चर्चमध्ये भाड्याच्या, नाव नसलेल्या कबरीत त्याला पुरले.