शेख दीन मोहम्मद : परक्या मुलखात कोणाच्या आधाराने उभे राहिले?

आपल्या घरातला मुलगा दुबईला, कुवेतला किंवा लंडनला निघाला की घरातल्या मोठ्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तिथे आपलं कोण आहे? पगार किती, कंपनी कुठली, हे सगळं नंतर. कोणाचा मामेभाऊ, कोणाच्या गावचा माणूस, निदान ओळखीतलं एखादं घर सापडलं की आईचा जीव भांड्यात पडतो.

आज आम्ही ज्या माणसाबद्दल लिहीत आहोत, तो 1784 साली आयर्लंडमध्ये उतरला तेव्हा तिथे त्याचं असं कोणीच नव्हतं. ना नातेवाईक, ना जमात, ना मशीद. शाम्पू हा शब्द इंग्रजांच्या घराघरात नेण्याचं श्रेय या माणसाला दिलं जातं, लंडनमधलं पहिलं हिंदुस्तानी हॉटेल त्याने काढलं, आणि इंग्रजीत पुस्तक लिहून छापणारा पहिला हिंदुस्तानी म्हणूनही त्याचंच नाव घेतलं जातं. नाव शेख दीन मोहम्मद. त्यांच्या यशाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. आम्हाला मात्र इथे वेगळी गोष्ट सांगायची आहे. परक्या देशात त्यांना कोणी आधार दिला, तो आधार सुटला तेव्हा काय झालं, आणि त्या आधाराची किंमत काय पडली?

दीन मोहम्मद यांचा जन्म 1759 चा, पाटण्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना सारावसुलीच्या वेळी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. घरात आई आणि मोठा भाऊ राहिले. त्या वयाच्या मुलाला फौजेचा थाट, घोडे, तंबू यांची ओढ वाटणं साहजिक होतं. गॉडफ्रे बेकर नावाच्या एका तरुण आयरिश शिपाईगड्याशी त्याची ओळख झाली आणि तो त्याच्यासोबत छावणीत राहू लागला. आई त्याला न्यायला आली होती, पण मुलगा परत गेला नाही. पुढे बारा-तेरा वर्षं तो बेकरच्या सोबत फौजेत राहिला आणि जमादार, मग सुभेदार या हुद्द्यापर्यंत चढला.

1782 च्या सुमारास बेकरवर लोकांकडून पैसे उकळल्याचा आरोप आला आणि त्याची कारकीर्द संपली. बेकरने नोकरी सोडली, दीन मोहम्मद यांनीही सोडली. 1784 च्या सुरुवातीला दोघे कलकत्त्याहून जहाजात बसले आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या कॉर्क शहरात पोहोचले. कॉर्क हे बेकरचं गाव. दीन मोहम्मद तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

म्हणजे पहिला आधार होता एका माणसाचा. बेकरचं घराणं शहरात वजनदार होतं. त्यांच्या छत्राखाली दीन मोहम्मद इंग्रजी लिहायला-वाचायला शिकले. पण 1786 मध्ये बेकर वारला. हिंदुस्तानातून ज्याच्या भरवशावर आले, तो दोन वर्षांत गेला.

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्यात दुसरा आधार आला. जेन डेली ही तिथली चांगल्या घरातली तरुणी. दोघांचं जमलं, मुलीच्या घरच्यांना ते पसंत पडणार नव्हतं, म्हणून दोघे पळून गेले आणि लग्न केलं. हे लग्न अँग्लिकन चर्चच्या रीतीने झालं आणि दीन मोहम्मद यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इथे आपल्यापैकी अनेक वाचक थांबतील, हे आम्हाला ठाऊक आहे. एका शेख घराण्यातल्या मुलाने इमान सोडलं, मग त्याची गोष्ट आपण का वाचायची? आम्हालाही लिहिताना हा प्रश्न पडला. त्यांच्या मनात काय होतं, याचा निवाडा करणारे आम्ही कोणी नाही, ते अल्लाह जाणतो. पण परिस्थिती काय होती, एवढं बघायला हरकत नाही. त्या काळी आयर्लंडमध्ये धर्मावरून लग्नाचे, जमिनीचे, नोकरीचे कायदे कडक होते. खुद्द तिथल्या कॅथलिक लोकांवरही बंधनं होती. आसपास निकाह पढवणारा नाही, ईदला गळाभेट घेणारा नाही, मय्यतीला खांदा देणारा नाही. एकट्या माणसाला त्या समाजात घर करायचं असेल, तर दार एकच होतं आणि त्या दारावरची अटही एकच होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 1794 मध्ये कॉर्कमध्ये त्यांचं प्रवासवर्णन दोन भागांत छापलं गेलं, पत्रांच्या स्वरूपात. त्यात हिंदुस्तानातली शहरं, फौजेच्या हालचाली आहेत, तशीच मुसलमानांच्या घरातली सुंता, निकाह आणि दफन यांची वर्णनंही आहेत. ती त्यांनी इंग्रज वाचकासमोर आदराने मांडली आहेत, हसण्यासाठी नाही. जो धर्म सोडला, त्याची बदनामी करून नव्या लोकांची वाहवा मिळवण्याचा सोपा रस्ता त्यांनी धरला नाही.

हे पुस्तक छापलं कसं गेलं, तेही बघा. त्या काळी नव्या लेखकाचं पुस्तक वर्गणीदार जमवून छापायची पद्धत होती. लोक आधी पैसे भरत, मग पुस्तक निघे. दीन मोहम्मद यांच्या पुस्तकाला तीनशेहून जास्त वर्गणीदार मिळाले. दहा वर्षांपूर्वी जहाजातून उतरलेल्या परक्या माणसावर एवढ्या लोकांनी आगाऊ पैसे लावले, ही लहान गोष्ट नाही. हा त्यांचा तिसरा आधार.

1799 च्या अखेरीस लखनौचे मिर्झा अबू तालिब खान फिरत फिरत कॉर्कला आले. तिथे त्यांची दीन मोहम्मद यांच्याशी गाठ पडली. मिर्झांनी फारसीत लिहिलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या भेटीची नोंद केली आहे. हा माणूस शाळेत इंग्रजी शिकला, पळून जाऊन लग्न केलं, मुलंबाळं आहेत, स्वतंत्र घर आहे, पुस्तक लिहिलं आहे, असं त्यात येतं. पंधरा वर्षांनी आपल्या मुलखाचा एक माणूस दारात येतो, त्या वेळी या दोघांत काय बोलणं झालं असेल, हे आपण फक्त कल्पनेनेच बघू शकतो.

याच काळात आपल्या देशातले दुसरेही हजारो लोक इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरत होते. ते जहाजावरचे खलाशी, ज्यांना तिकडे लस्कर म्हणत. बंगाल, गुजरात, कोकण अशा किनाऱ्यांवरची ही माणसं, त्यात मुसलमान बरेच. आपल्या रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांतले आजे-पणजे पुढच्या काळात बोटीवर गेले, त्याच वाटेचे हे आधीचे लोक. जहाज लंडनला लागलं की परतीचं जहाज मिळेपर्यंत त्यांचे हाल. थंडीत रस्त्यावर उपाशी पडलेले लस्कर बघून 1786 मध्ये लंडनच्या काही लोकांनी मदत समिती काढली. तिने आधी लस्करांसाठी आणि मग शहरातल्या सगळ्याच गरीब कृष्णवर्णीयांसाठी अन्न आणि औषधपाण्याची सोय केली. पण या खलाशांसाठी नीट निवारा, म्हणजे लाइमहाउस भागातलं परदेशी खलाशांचं वसतिगृह, उघडलं ते 1857 मध्ये. मधली सत्तर वर्षं किती माणसं अशीच मेली असतील.

आता 1786 हे साल पुन्हा बघा. त्याच वर्षी दीन मोहम्मद यांना कॉर्कमध्ये घर मिळालं आणि त्याच वर्षी लंडनच्या रस्त्यावर त्यांचेच देशबांधव भुकेने मरत होते. फरक हुशारीचा होता का? आम्हाला तसं वाटत नाही. एकाला हात धरणारं कोणी मिळालं, दुसऱ्यांना मिळालं नाही.

1807 च्या सुमारास दीन मोहम्मद कुटुंबासह लंडनला आले. तिथे बेझिल कॉक्रेन नावाच्या एका श्रीमंताने, ज्याने हिंदुस्तानात भरपूर पैसा कमावला होता, पोर्टमन स्क्वेअरमधल्या आपल्या घरी वाफेचं स्नानगृह काढलं होतं. दीन मोहम्मद त्याच्याकडे कामाला लागले. आपली चंपी, म्हणजे अंग चोळून मालीश करणं, त्यांनी वाफेच्या स्नानाला जोडली. याच चंपीचं इंग्रजांच्या तोंडी शाम्पू झालं. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दाला फार नंतर आला.

1810 मध्ये जवळच जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी स्वतःचा धंदा मांडला, हिंदुस्तानी कॉफी हाउस. वेताच्या खुर्च्या, हुक्का, हिंदुस्तानी पद्धतीचं जेवण. गिऱ्हाईक कोण, तर हिंदुस्तानात राहून परतलेले साहेब लोक. खाणं चांगलं असल्याची तारीफही झाली. पण जागेचा खर्च मोठा, आणि त्या साहेबांच्या घरी हिंदुस्तानी जेवण करणारे नोकर आधीच होते. दोन वर्षांत, 1812 मध्ये, दीन मोहम्मद यांचं दिवाळं निघालं. आज त्या जागी लंडनच्या वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने 2005 मध्ये लावलेली हिरवी पाटी आहे. पण त्या दिवशी मात्र पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाला वर्तमानपत्रात जाहिरात देऊन घरगड्याची नोकरी शोधावी लागली. फौजेतला सुभेदार, पुस्तकाचा लेखक, हॉटेलचा मालक, आणि आता पुन्हा कोणाच्या तरी दारात.

इथून ते उठले, हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त भावतो. 1814 मध्ये जेनसह ते समुद्रकाठच्या ब्रायटन गावी गेले. श्रीमंत लोक तिथे हवापालटासाठी येत. दोघांनी स्नानगृहात काम सुरू केलं, पुरुषांचं ते बघत, बायकांचं जेन बघे. आधी रुग्णाला औषधी वनस्पतींच्या वाफेत बसवायचं, भोवती फलालीनचा तंबू, आणि तंबूला असलेल्या बाह्यांतून हात घालून बाहेरून मालीश करायची. सुरुवातीला लोक हसले. तेव्हा त्यांनी काही रुग्णांवर फुकट उपचार केले. सांधेदुखीने जखडलेली माणसं बरी होऊन गेली की आपल्या कुबड्या तिथेच ठेवून जात, आणि त्या भिंतीवर टांगल्या जात. याहून मोठी जाहिरात कुठली?

1821 मध्ये समुद्रासमोर मोहम्मद बाथ्सची मोठी इमारत उभी राहिली. राजा चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतरचा राजा चौथा विल्यम, दोघांनीही त्यांना राजघराण्याचे शाम्पू सर्जन म्हणून नेमलं. 1822 मध्ये या उपचारावरचं त्यांचं पुस्तक आलं. एक गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, कॉर्कमध्ये ज्यांनी नुसतं दीन मोहम्मद हे नाव लावलं होतं, त्यांनी ब्रायटनमध्ये नावाआधी पुन्हा शेख लावलं. आता हिंदुस्तानी असणं लपवायची नाही, दाखवायची गोष्ट झाली होती. पण विश्वास बसावा म्हणून त्यांनी आपलं वय दहा वर्षांनी वाढवून सांगितलं आणि कलकत्त्यात वैद्यकीचं शिक्षण घेतल्याचंही लिहिलं, जे खरं नव्हतं. परक्या माणसाला दोन पावलं जास्त टाकून दाखवावी लागतात आणि त्यात कधी पाय घसरतो. आम्ही त्याचं समर्थन करत नाही, पण कारण समजतं.

शेवटी काय झालं? स्नानगृहाची इमारत त्यांच्या मालकीची नव्हती. भांडवल थॉमस ब्राउन या भागीदाराचं होतं. 1841 मध्ये तो वारला, इमारत लिलावात गेली आणि ती घेण्याइतका पैसा दीन मोहम्मद यांच्याकडे नव्हता. ऐंशी ओलांडलेल्या वयात पुन्हा लहान जागेत काम सुरू. बेकर गेला तेव्हा जे झालं, तेच पुन्हा झालं. एका माणसाच्या मेहेरबानीवर उभा असलेला आधार त्या माणसाबरोबरच जातो.

जेन मात्र शेवटपर्यंत सोबत राहिली. डिसेंबर 1850 मध्ये ती वारली आणि दोनच महिन्यांनी, 24 फेब्रुवारी 1851 रोजी, दीन मोहम्मद गेले. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. मुलांनी स्नानगृहं आणि तलवारबाजी-मुष्टियुद्धाची तालीम चालवली. नातू डॉक्टर फ्रेडरिक अकबर मोहम्मद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये होते आणि रक्तदाबाच्या आजारावर त्यांनी मोलाचं संशोधन केलं. वयाच्या पस्तिशीतच, 1884 मध्ये, ते वारले. पाटण्याच्या त्या शिपायाच्या घराण्यातलं अकबर आणि मोहम्मद एवढं मात्र नावात टिकून राहिलं.

या सगळ्यातून आम्ही काय घ्यायचं? त्यांच्या धर्मांतरावर बोट ठेवणं सोपं आहे. कठीण प्रश्न वेगळा आहे. आज आपल्या गावातून, मोहल्ल्यातून कोणी परक्या शहरात किंवा देशात जातो तेव्हा त्याच्या दारात पहिला कोण पोहोचतो? मुंबईत आपल्या वडीलधाऱ्यांनी गावच्या पोरांसाठी खोली धरून ठेवली होती. नव्याने आलेल्याला तिथे चटई, दोन वेळचं जेवण आणि नोकरीचा पत्ता मिळायचा. कोणाचं नाव बदलायला लागलं नाही, कोणाचं इमान पणाला लागलं नाही. ती खोली म्हणजे भाड्याच्या चार भिंती, पण दीन मोहम्मद यांना आयुष्यभर जे मिळालं नाही ते तिथे होतं. एका माणसाचा नाही, जमातीचा आधार.

आणि हे फक्त आपल्या माणसांपुरतं ठेवू नये, असंही आम्हाला वाटतं. आपल्या गल्लीत आज बिहारचा, बंगालचा एखादा मुलगा कामाला आलेला असेल. पाटण्याचाही असेल. त्याला खोली भाड्याने देताना आपण काय काय विचारतो, हे एकदा आठवून बघू या.