गोष्टीत विचार आणणारे वामन मल्हार

पेण मागे टाकून रोह्याला पोहोचावे आणि तिथून दक्षिणेकडे वळावे, म्हणजे तळगडाच्या पायथ्याशी तळे हे गाव लागते. जिल्ह्याला कुलाबा म्हणत असत त्या काळात, 21 जानेवारी 1882 रोजी, वामन मल्हार जोशी यांचा जन्म या गावी झाला. पुढे तेरा वर्षांनी पेण तालुक्यातील गागोदे येथे विनोबा भावे जन्मले. तत्त्वचिंतनाची ओढ दोघांनाही होती. विनोबांनी ती आचरणात उतरवली, वामन मल्हारांनी गोष्टीत.

गोष्टीचे घटक कोणते, या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मुलालाही पाठ असते : कथानक, पात्रे, स्थळकाळ, संवाद, संघर्ष आणि शेवट. वामन मल्हारांचे लेखन या मोजपट्टीने मोजू लागले की पंचाईत होते. कथानक वेग घेत असतानाच त्यांची पात्रे थांबतात आणि ईश्वर, नीती, स्त्रियांचे हक्क यांवर वाद घालू लागतात. घटनेची वाट पाहणारा वाचक चुळबुळ करतो. मात्र तो वाद काढून टाकला तर हाती फारसे काही उरत नाही, हेही तितकेच खरे.

या स्वभावाची मुळे त्यांच्या आयुष्यात सापडतात. डेक्कन कॉलेजातून तत्त्वज्ञान विषयात एम. ए. झाल्यावर सरकारी नोकरीची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. कोल्हापूरला प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात ते सामील झाले आणि ‘विश्ववृत्त’ मासिकाशी जोडले गेले. 1908 मध्ये या मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख प्रसिद्ध झाला. सरकारने त्यात राजद्रोह पाहिला आणि विजापूरकरांबरोबर वामन मल्हारांनाही तीन वर्षांचा कारावास झाला. वेदातील प्रार्थनांवर लिहिलेला लेख छापला म्हणून तुरुंगात जावे लागलेला हा माणूस पुढे विचार ही गोष्टीतली शोभेची वस्तू मानणार नाही, हे उघडच होते.

सुटकेनंतर काही काळ ते ‘केसरी’त होते. पुढे महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणसंस्थेत ते अध्यापक झाले. त्यांच्या कथालेखनाला बळ मिळाले ते याच वर्षांत. ‘मनोरंजन’ मासिकातून क्रमशः आलेल्या ‘रागिणी’ने त्यांना कीर्ती दिली. तिचे ‘काव्यशास्त्रविनोद’ हे उपशीर्षकच पुरेसे बोलके आहे. परंपरेत वाढलेली रागिणी आणि नव्या विचारांची उत्तरा या मैत्रिणींच्या संभाषणात त्या काळातील सुशिक्षित घरांमधला सारा कलह उमटला. ‘आश्रमहरिणी’त (1916) त्यांनी पुनर्विवाहाचा प्रश्न पौराणिक वळणाच्या आश्रमात नेऊन ठेवला. येथे स्थळकाळ हा घटक त्यांनी मोठ्या चतुराईने वापरला आहे. समकालीन घरात जो प्रश्न मांडताच वाचक बिथरला असता, तो ऋषींच्या पर्णकुटीत त्याने शांतपणे ऐकून घेतला. त्याच सुमारास ‘नवपुष्पकरंडक’ हा त्यांचा लघुकथांचा संग्रह आला. तो मात्र कादंबऱ्यांच्या सावलीत राहिला.

‘सुशीलेचा देव’ (1930) ही कदाचित त्यांची सर्वांत बांधेसूद कादंबरी. नायिकेची देवाची कल्पना आयुष्यातील अनुभवांबरोबर कशी बदलत जाते, एवढाच तिचा विषय. म्हणजे बाहेरची घटना गौण आणि मनातले स्थित्यंतर हेच कथानक. याच वर्षी मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झाले आणि रचना, उत्कंठा, तंत्र यांची चर्चा मराठीत जोरात सुरू झाली. फडक्यांच्या कसोटीवर वामन मल्हारांची रचना सैल ठरते, यात शंका नाही. चर्चा लांबते, पात्रे कधीकधी मते मांडण्यापुरतीच उभी राहतात, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते.

तरीही 1934 मध्ये त्यांनी या दोषावर एक नामी तोड काढली. ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही कादंबरी त्यांनी पूर्णपणे पत्रांतून लिहिली. पत्र लिहिणारा माणूस मते मांडणारच, वाद घालणारच. त्यामुळे एरवी कथेला अडवणारी चर्चा येथे पात्रांचा स्वभाव दाखवू लागली. कला आणि नीती यांचे नाते काय, हा कादंबरीतील वाद लेखकाने कोणा एकाच्या पारड्यात टाकला नाही. दोन्ही बाजू समजून घेण्याच्या या सवयीमुळे ते ठाम मत देत नाहीत, अशी तक्रार होत असे, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

1940 मध्ये ‘विचारसौंदर्य’ हा त्यांचा लेखसंग्रह आला. भावना आणि कल्पना यांप्रमाणे विचारालाही स्वतःचे सौंदर्य असते, ही त्यांची धारणा त्याच्या नावातच आली आहे. 20 जुलै 1943 रोजी त्यांचे निधन झाले. कला की नीती, हा इंदू आणि सरला यांच्या पत्रांतला प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत खुलाच ठेवला होता.