शाळेचा पहिला तास

पेढी उघडली की आधी झाडलोट, मग तराजू पुसणे, मग कालची कीर्द पाहणे आणि त्यानंतर गिऱ्हाईक, हा क्रम आमच्या व्यापारी वाचकांस शिकविण्याची गरज नाही. सकाळ विस्कटली म्हणजे दिवस विस्कटतो, हे ते जाणतात. परंतु त्यांचीच मुले ज्या प्राथमिक शाळेत जातात तेथे पहिला तास कसा जातो, याची चौकशी किती जण करतात? पुष्कळ ठिकाणी तो हजेरी, दरडावणी आणि गप्प बसण्याचे हुकूम यांतच सरतो. या तासाचे मोल ज्यांनी ओळखले, त्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे चरित्र म्हणूनच आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहों.

बाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीत झाला. १८९६ साली त्यांनी रोम येथे वैद्यकीची पदवी मिळविली व पुढे मंदबुद्धी मुलांच्या शिक्षणाचे काम केले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप मजुरीस गेले म्हणजे मागे राहिलेली मुले नव्याने दुरुस्त केलेल्या इमारती खराब करीत. त्यांस एका खोलीत सांभाळावे, एवढाच मालकांचा हेतू होता.

बाईंनी त्या खोलीचे विद्यालय केले. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हिवाळ्यातील दिनक्रम दिला आहे. नऊ वाजता मुले येत. अभिवादन झाल्यावर हात, नखे, कान, दात, केस यांची पाहणी होई. कामाचे वस्त्र अंगावर चढविण्यास मुले एकमेकांस साह्य करीत. मग खोलीभर फिरून धूळ राहिली नाही ना, वस्तू जागच्या जागी आहेत ना, हे ती स्वतः पाहत. पुढे आदल्या दिवशीची हकीकत सांगणे व प्रार्थना. बौद्धिक पाठ दहानंतर.

नाक पुसत नाही म्हणून पोरांस सारे रागावत. पण ते कसे पुसावे हे कोणी दाखविले नव्हते. बाईंनी ते दाखविताच मुलांनी टाळ्या पिटल्या. एके दिवशी कपाटास कुलूप लावण्याचे राहिले आणि शिक्षिकेसही यावयास उशीर झाला. पाहते तो मुलांनी साहित्य काढून काम सुरू केलेले! तिला ही चोरी वाटली. बाईंस त्यात मुलांची निवड दिसली. तेव्हापासून त्यांनी मुलांचा हात पोहोचेल अशी उघडी, ठेंगणी कपाटे ठेविली.

शिस्त धाकाची आणि शिस्त सवयीची, यांतील भेद तो हाच. मुसोलिनीच्या सरकारने आरंभी या शाळांस आश्रय दिला. परंतु त्यास हुकमाचे ताबेदार हवे होते, म्हणून १९३४ साली त्या बंद झाल्या. १९३९ साली बाई मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. पुढल्या वर्षी इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने त्यांच्या पुत्रास काही काळ स्थानबद्ध केले. तरीही बाईंनी या देशातील शिक्षक तयार करण्याचे काम चालूच ठेविले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्या येथे येण्यापूर्वीच त्यांचा विचार येथे रुजला होता. वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण मुलांसाठी काम आरंभिले, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

अशा सकाळीने अभ्यासक्रम मागे पडेल, असा आक्षेप निघेल. परंतु रोज तासभर दरडावूनही जेथे वर्ग स्थिर होत नाही, तेथे अभ्यासक्रम कोणता पुढे जातो? एक केरसुणी, एक आरसा, एक कंगवा व हाताशी येणारी फळी, यांस खर्च तो कितीसा? आमच्या वाचकांनी एकदा सकाळी आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन पाहावे आणि तेथील केर कोण काढतो, व कोणाच्या धाकाने, एवढेच विचारावे. ज्या मुलास आपली जागा आपण झाडण्याची सवय लागली, त्याच्या डोक्यावर पुढे छडी घेऊन कोणी उभे राहावे लागत नाही.