विधेयकाच्या मागं लागलेले बाबासाहेब : मुंबईच्या कौन्सिलातली बारा वर्षं

चंद्रपूर-गडचिरोली : डिसेंबर आला की आपल्या भागात तीन गोष्टी एकदम येतात. धानाचं चुरणं, सहा डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन. चुरण्याच्या गडबडीत अधिवेशनाकडं कोणाचं लक्ष नसते. कायदा झाल्यावर तलाठ्याकडं किंवा सेतू केंद्रात गेलो की मग कळते, अरे, नियम बदलला म्हणते.

बाबासाहेबांच्या फोटोला आपण सगळेच हार घालतो. संविधान लिहिलं, दीक्षा दिली, हे शाळेतल्या लेकरालाही ठाऊक आहे. पण संविधानाच्या वीस वर्षं आधी तेच बाबासाहेब मुंबई कौन्सिलात एकेका विधेयकाच्या मागं कसे लागले होते, ती गोष्ट गावात फार सांगितली जात नाही. आज तीच सांगतो.

शपथ आणि पहिलं बजेट

डॉ. भीमराव रामजी आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. मूळ गाव कोकणातलं आंबडवे, मंडणगड तालुका. वडील रामजी सैन्यात सुभेदार. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढं लंडनला अर्थशास्त्राची मोठी पदवी आणि बॅरिस्टरी दोन्ही करून १९२३ मध्ये मुंबईला परतले. वकिली सुरू केली आणि १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली.

१९२६ च्या शेवटी गव्हर्नरनं त्यांना मुंबई कायदे कौन्सिलात नेमलं. १८ फेब्रुवारी १९२७ ला शपथ झाली. म्हणजे निवडून आलेले नव्हते, सरकारनं नेमलेले होते. असा माणूस गप बसून हात वर करेल, असं कोणालाही वाटलं असतं. पण शपथेनंतर आठवडाही झाला नव्हता, २४ फेब्रुवारीला बजेटवर बोलायला उभे राहिले आणि थेट शेतसाऱ्यावर बोट ठेवलं. व्यापाऱ्याचं, नोकरदाराचं उत्पन्न एका हद्दीच्या खाली असलं तर त्याला आयकर माफ. शेतकऱ्याजवळ मात्र एक एकर असो की शंभर, पीक हातात येवो की न येवो, सारा भरायचाच. हा न्याय कोणता, असा त्यांचा मुद्दा होता.

मार्चमध्ये शिक्षणाच्या खर्चावर बोलले. सरकार दारूच्या करातून लोकांकडून जेवढं घेते, निदान तेवढं तरी त्यांच्या लेकरांच्या शिक्षणावर खर्च करावं, ही मागणी. दोन्ही वेळा हातात सरकारचेच आकडे होते. विधेयक असो की बजेट, आधी बारकाईनं वाचायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची पद्धत पुढंही कायम राहिली.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

त्याच महिन्यात, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. हा सत्याग्रह आपल्याला माहीत आहे. पण त्याच्यामागं कौन्सिलातला एक ठराव होता, हे थोड्यांनाच माहीत आहे. रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मांडलेला तो ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असं त्यात होतं. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव घेतला. तरीही तीन वर्षं कोणी पाण्यापर्यंत जाऊ शकलं नाही.

ठराव झाला म्हणजे काम झालं नाही, हे बाबासाहेबांनी ओळखलं. आत जे मंजूर झालं ते बाहेर लोकांनी वापरून दाखवायचं आणि बाहेर जे दुखते ते आत मांडायचं. पुढची सगळी वर्षं ते या दोन्ही बाजूंनी चालत राहिले.

वतनाचं विधेयक

१९ मार्च १९२८ ला त्यांनी स्वतःचं विधेयक कौन्सिलात आणलं. विषय महार वतनाचा.

वतन म्हणजे काय, तर थोडीशी इनाम जमीन, गावकऱ्यांकडून मिळणारं बलुतं आणि सरकारकडून नावापुरते पैसे. त्या बदल्यात रात्र असो की दिवस, सरकारी कामाला हजर राहायचं. साऱ्याची रक्कम तालुक्याला पोहोचवणं, साहेब आले तर त्यांच्या मागं फिरणं, निरोप देणं, राखण करणं. घरचा कर्ता माणूस कामाला नाही आला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जावं लागे. कामाला हद्द नाही आणि पगाराची खात्री नाही. हे सगळं १८७४ च्या वतन कायद्यात बांधलेलं होतं.

बाबासाहेबांनी आधी लोकांना समजावलं. १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत' पत्रात वतनावर लिहिलं, सभा घेतल्या. कारण वतन वाईट असलं तरी हातात तेवढीच जमीन होती. ती जाईल, ही भीती लोकांत होती. म्हणून विधेयकात त्यांनी असा रस्ता ठेवला की ज्याला वतनातून मोकळं व्हायचं त्यानं ठरलेला सारा भरून जमीन रयतेसारखी आपल्याकडं ठेवावी. बलुत्याच्या जागी पैसा यावा आणि चाकरीला ठरलेला पगार मिळावा.

विधेयक निवड समितीकडं गेलं. निवड समिती म्हणजे काही सदस्य बसून विधेयकाचं एकेक कलम तपासतात, ती जागा. बाहेरून भाषणं ऐकू येतात, पण खरी काटछाट तिथं होते. सरकारची साथ मिळाली नाही. शेवटी १९२९ मध्ये बाबासाहेबांनी विधेयक मागं घेतलं.

हरले म्हणा हवं तर. पण विषय सोडला नाही. दहा वर्षांनी सरकारनं वतन जमिनींवर जास्तीचा सारा बसवला, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची मोठी परिषद घेऊन ते पुन्हा उभे राहिले.

बाळंतिणीची सुट्टी, शेताचे तुकडे

स्वतःच्या समाजापुरतंच ते बोलत, असा काहींचा समज असतो. कौन्सिलातलं काम पाहिलं तर तो टिकत नाही.

ऑक्टोबर १९२७ मध्ये सरकारनं शेताचे तुकडे थांबवायचं विधेयक आणलं. वरून पाहता चांगलं दिसत होतं. बाबासाहेबांनी विरोध केला. शेत लहान की मोठं, एवढ्यावरून ते परवडते की नाही हे ठरत नाही. बैल, अवजार, भांडवल किती आहे यावर ठरते, हा त्यांचा मुद्दा. तुकडे गोळा करायच्या नावाखाली लहान शेतकरी भूमिहीन होईल, त्यापेक्षा सहकारानं शेती करा, असं त्यांनी सुचवलं. या विषयावर १९१८ मध्येच त्यांनी निबंध लिहून ठेवला होता. म्हणजे विधेयक यायच्या नऊ वर्षं आधीपासून तयारी होती.

जुलै १९२८ मध्ये गिरणीतल्या कामगार बायांना बाळंतपणात सुट्टी आणि पैसे द्यायच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला आराम मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून मोठा भार सरकारनं उचलावा, पण मालकालाही सोडू नये, ही त्यांची भूमिका. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढं १९४२ ते ४६ मध्ये ते दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचा सुधारित कायदाही त्यांनीच मांडला. बल्लारपूर-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यातल्या लोकांना हे मुद्दाम सांगतो.

खोतीविरुद्ध विधेयक आणि मोर्चा

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले, त्यातले बहुतेक निवडून आले. आता ते लोकांच्या मतावर विधानसभेत बसले होते.

१७ सप्टेंबर १९३७ ला, पुण्याच्या अधिवेशनात, त्यांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. खोती आपल्या भागात नव्हती. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात, मुंबईच्या बाहेर. गडचिरोलीही त्याच चांद्यात होतं, वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. पण आपल्याकडं मालगुजार होते, जमीनदार होते. गावागावात मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव अजून आहेत, त्यावरून समजून घ्या. सरकार आणि कास्तकार यांच्या मध्ये बसून वसुली करणारा, तो कोकणात खोत. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे या पट्ट्यात कुळं त्याच्या हाताखाली पिचली होती. अलिबागकडं चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारात १९३३ पासून संप केला होता.

विधेयकात मागणी साधी होती. मधला खोत काढा, त्याला वाजवी भरपाई द्या आणि जो जमीन कसतो त्याचं नातं थेट सरकारशी जोडा.

विधेयक मांडून ते घरी बसले नाहीत. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत अधिवेशनाच्या वेळी २० ते २५ हजार शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. शिष्टमंडळ पंतप्रधान बाळासाहेब खेरांना भेटलं. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. त्याच वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणारं विधेयक आलं. सभागृहात त्यांनी त्याची चिरफाड केली आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला बाहेर एक दिवसाचा संप झाला. तरी बहुमताच्या जोरावर ते विधेयक मंजूर झालंच. खोतीचं विधेयकही पुढं सरकलं नाही. १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि ते तसंच राहिलं.

माझा एक अनुभव

इथं मला माझीच गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी हिवाळी अधिवेशनात आमच्या भागातून मोर्चा गेला होता. मी बातमीसाठी आणि शेतकरी म्हणूनही सोबत होतो. रात्रभर गाडीत बसून गेलो. दिवसभर घोषणा दिल्या, बॅरिकेडजवळ उन्हात बसलो. संध्याकाळी निवेदन घ्यायला साहेब आले. त्यांनी विचारलं, तुमचा आक्षेप कोणत्या विधेयकाच्या कोणत्या कलमावर आहे? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. विधेयकाचं नावही कोणाला धड सांगता आलं नाही. मी पत्रकार म्हणवतो, मलाही नाही. निवेदन दिलं, फोटो काढला, परत आलो. त्या फोटोची बातमी मीच लावली होती, याची आजही लाज वाटते.

१९३८ च्या त्या मोर्चात चालणाऱ्या कुळांना लिहिता-वाचता येत नसेल, पण आपण कोणत्या विधेयकासाठी चालतो, हे त्यांच्यासमोर स्पष्ट होतं. ते विधेयक सभागृहात आधीच मांडलेलं होतं.

मागून आलेला निकाल

आता हिशोब पाहा. खोती रद्द करायचा कायदा १९४९ मध्ये झाला, विधेयक मांडल्यावर बारा वर्षांनी. आपल्याकडची मालगुजारी १९५१ मध्ये गेली. महार वतनासह गावची कनिष्ठ वतनं रद्द करायचा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा, पहिल्या विधेयकानंतर तीस वर्षांनी. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

मधल्या काळात संविधान झालं. २९ ऑगस्ट १९४७ ला ते मसुदा समितीवर आले आणि तिचे अध्यक्ष झाले. एकेका कलमावर, एकेका दुरुस्तीवर उत्तर देताना जी तयारी दिसली, ती मुंबईच्या कौन्सिलात झालेली होती. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल अडलं, तेव्हा कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला ते आपल्या चंद्रपूरला आले. इथल्या दीक्षाभूमीवर हजारो लोकांनी दीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी काय

चंद्रपूरचे सहा आणि गडचिरोलीचे तीन, असे आपले नऊ आमदार विधानसभेत बसतात. जंगल, जमीन, ग्रामसभा, पाणी, खाण यांवरची विधेयकं त्यांच्यासमोर येतात. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर ती टाकली जातात, मोबाईलवर उघडतात. गावात एक तरी बारावी शिकलेलं पोट्टं असते. त्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. विधेयक कोणतं, ते समितीकडं गेलं की थेट मंजुरीला आलं, आपल्या आमदारानं त्यावर काय केलं, एवढं विचारायला काही मोठी पदवी लागत नाही.

यंदा सहा डिसेंबरला फोटोला हार घालून झाला की त्याच ठिकाणी दहा मिनिटं बसा आणि या अधिवेशनात आपल्या कामाचं कोणतं विधेयक येत आहे ते पाहा. त्याचं नाव आणि कलम एका कागदावर लिहून ठेवा. मीही माझ्या गावात तेच करणार आहे.