साबू : हत्तीखाना ते हॉलिवूड

धुमसणारा ज्वालामुखी, नागाची पूजा, गोड नवरी आणि तिची दुष्ट जुळी बहीण... हे सगळं एकाच बेटावर! १९४४चा ‘कोब्रा वुमन’ आज पाहिला, तर हसून हसून पुरेवाट होते. भडक टेक्निकलर रंग, पुठ्ठ्याचे वाटावेत असे महाल आणि राणी मारिया माँटेझचा नागनाच. या गोंधळात एक हसरा, चपळ पोरगा मात्र खरा वाटतो. तो आपल्याकडचा. नाव साबू.

साबूचा जन्म १९२४चा, म्हैसूर संस्थानातल्या कारापूरचा. वडील महाराजांच्या पदरी माहूत. आईवडील लवकर गेले आणि पोरगं हत्तीखान्यातच वाढलं. रॉबर्ट फ्लाहर्टी ‘एलिफंट बॉय’साठी मुलगा शोधत म्हैसूरला आला, तेव्हा त्याच्या कॅमेरामनच्या नजरेत साबू भरला. १९३७ला सिनेमा आला आणि इंग्रजीचा गंध नसलेला हा पोरगा लंडनमध्ये स्टार झाला. पुढं ‘थीफ ऑफ बगदाद’ आणि १९४२चा ‘जंगल बुक’. हो, पडद्यावरचा पहिला गाजलेला मोगली हाच!

पण मायदेशाशी त्याचं नातं सरळ नव्हतं. १९३८च्या ‘द ड्रम’मध्ये तो इंग्रजांना मदत करणारा राजपुत्र होता. स्वातंत्र्यलढ्याच्या त्या दिवसांत मुंबईकर भडकले, निदर्शनं झाली आणि सिनेमाचे खेळ थांबवावे लागले. सिनेमा कुणाच्या बाजूनं बोलायचा, हे चौदा वर्षांचा पोरगा थोडाच ठरवत होता?

हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलनं त्याला ‘अरेबियन नाइट्स’, ‘व्हाइट सॅव्हेज’, ‘कोब्रा वुमन’ असे सिनेमे दिले. वाळवंट असो की बेट, साबूचं काम ठरलेलं : गोऱ्या हिरोचा इमानी दोस्त. १९४४ला तो अमेरिकेचा नागरिक झाला. मग लष्करी हवाई दलात बी-२४ बॉम्बरच्या शेपटाकडं बसणारा तोफची झाला आणि स्टुडिओतल्या खोट्या बेटावरून थेट पॅसिफिकमधल्या खऱ्या युद्धात पोचला. शौर्याबद्दल त्याला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला.

युद्ध संपलं, पण पोरगा आता बाप्या झाला होता. ‘ब्लॅक नार्सिसस’सारखा एखादा अपवाद सोडला, तर मोठी कामं आटली. तेव्हा मेहबूब खान यांनी त्याला ‘मदर इंडिया’तल्या बिरजूसाठी मुंबईला बोलावलं. साबू आला, हॉटेलात राहिला, वाट बघत राहिला. पण भारतात काम करायचा परवाना या अमेरिकन नागरिकाला मिळाला नाही! भूमिका सुनील दत्तकडं गेली आणि १९५७ला इतिहास घडला. साबू एकही भारतीय सिनेमा न करता परतला.

२ डिसेंबर १९६३ला कॅलिफोर्नियात हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. वय अवघं ३९. त्याचा शेवटचा ‘अ टायगर वॉक्स’ त्याच्या मागं, १९६४ला आला. त्यातही त्याला काम होतं वाघ सांभाळणाऱ्या भारतीयाचं.

चाकणच्या कंपनीतून जर्मनी-जपानला जायची स्वप्नं बघणाऱ्या दोस्तांनो, साबूला तिकडं काम मिळालं, पैसा मिळाला, पदकही मिळालं. फक्त ‘हत्तीवाला पोरगा’ ही ओळख काही सुटली नाही. ‘कोब्रा वुमन’ बघाच आणि पोटभर हसा. पण हसताना त्या पोराकडं जरा नीट बघा.